बर्फ एकच, टायरसाठी मात्र दोन : विंटर टायर खोल हिमात आणि घट्ट बर्फावर कसे चालतात

कॅनडा किंवा जर्मनीला गेलेल्या मुलाचा नोव्हेंबरात फोन येतो आणि बोलता बोलता तो सांगतो, की गाडीला चार टायर घ्यायचेत. इकडे बेळगाव, निपाणी, खानापूर किंवा म्हापशात बसलेल्या वडिलांना ते पटत नाही. गाडी घेऊन वर्ष झालेलं नाही, टायरची नक्षी शाबूत आहे, मग हा खर्च कशाला? आणि जुने टायर टाकून देणार का? मुलगा म्हणतो, टाकायचे नाहीत, उन्हाळ्यात परत बसवायचे. वडिलांना वाटतं, पोराला कोणीतरी गुंडाळलं.

गुंडाळलेलं नाही. पण हे टायर नेमकं काय करतात आणि काय करू शकत नाहीत, हे ते विकत घेणाऱ्यांनाही अनेकदा ठाऊक नसतं. 'विंटर टायर आहेत' एवढ्या भरवशावर नेहमीच्या वेगानं गाडी चालवली जाते आणि पहिल्या चौकातच पुढच्या गाडीवर आदळते. डिसेंबरात मनालीला जाणारे आपल्याकडचे लोक तर विंटर टायरही लावत नाहीत. 'फोर बाय फोर आहे, काही होत नाही' हा त्यांचा भरवसा.

किस आणि लादी

मराठीत आभाळातून पडतो तोही बर्फ आणि फ्रीजमध्ये जमतो तोही बर्फ. पुस्तकात 'हिम' म्हणतात, पण बोलताना कोणी तो शब्द वापरत नाही. टायरच्या दृष्टीनं मात्र या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. जत्रेतल्या गोळेवाल्याकडचा किसलेला बर्फ आठवा. मुठीत दाबला की एकजीव होतो, बोटांचे ठसे उमटतात. आता मासळी बाजारातली लादी आठवा. तिच्यावर बोट दाबलं तर ठसा उमटत नाही, उलट वर पाण्याचा पातळ थर येतो आणि बोट घसरतं. नव्यानं पडलेलं हिम म्हणजे किस. वितळून पुन्हा गोठलेला, गाड्यांनी चेपून चेपून गुळगुळीत केलेला बर्फ म्हणजे लादी. किसात टायर रुतून पकड घेऊ शकतो. लादीवर त्याला रुतायला जागाच नसते.

पुढे या लेखात किसाला 'हिम' आणि लादीला 'बर्फ' म्हटलं आहे.

आधी रबर

टायरचं रबर थंडीत कडक होतं. उन्हाळी टायरचं मिश्रण तापलेल्या डांबरावर टिकावं म्हणून बनवलेलं असतं. पारा खाली गेला की ते लवचीकपणा हरवत जातं आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत बसण्याऐवजी वरून सरकू लागतं. विंटर टायरच्या मिश्रणात नैसर्गिक रबराचं आणि सिलिकाचं प्रमाण असं जुळवलेलं असतं, की शून्याखाली बरंच गेल्यावरही ते मऊ राहतं.

दुकानदार '७ अंश सेल्सिअसखाली विंटर टायर' असा नियम सांगतात. तो ठोकताळा आहे. ७ अंशाला काही अचानक बदलत नाही, आणि कोरड्या थंड रस्त्यावर चांगला उन्हाळी टायर ७ अंशाखालीही नीट थांबतो. पण जिथे सकाळी ७ अंश असतात तिथे पहाटे शून्य असू शकतं आणि टायर काही रोज बदलता येत नाहीत. त्या हिशेबानं ठोकताळा वाईट नाही. उलटही लक्षात ठेवावं : हेच मऊ टायर जुलैत वापरले तर भराभर झिजतात आणि गरम रस्त्यावर ब्रेकचं अंतर वाढतं. म्हणून दोन संच.

टायर हा धंदा आपल्या लोकांना नवा नाही. गोव्यात उसगावला आणि बडोद्याजवळ लिमड्याला टायरचे मोठे कारखाने आहेत, तिथे मराठी घरांतली माणसं कामाला आहेत. अपोलो कंपनीनं २००९ साली नेदरलँड्सची फ्रेडेस्टाइन ही कंपनी घेतली, तिचं युरोपात विंटर टायरमध्ये जुनं नाव आहे. आपल्या रस्त्यांसाठी बनणाऱ्या टायरचा मुख्य शत्रू मात्र उष्णता, खड्डे आणि जादा भार हाच राहिला.

खोल हिमात काय होतं

इथे विंटर टायर आपली किंमत वसूल करतो.

टायरच्या नक्षीत रुंद खाचा असतात आणि प्रत्येक ठोकळ्यावर सुरीनं कापल्यासारख्या नागमोडी बारीक चिरा असतात. चाक फिरताना हिम या खाचांत दाबून भरलं जातं. तिथे त्याची घट्ट वडी होते आणि ती वडी खालच्या हिमाला चिकटते. हिमाची पकड हिमावर रबरापेक्षा चांगली बसते, म्हणून खाचा हिमानं भरलेल्या असणं इथे चांगलं. चाक पुढे ढकलायचं म्हणजे या वड्या खालच्या थरापासून तोडाव्या लागतात. ते तोडायला जितकं बळ लागतं, तितकी पकड मिळते.

उसाच्या रानात ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे उफराटं वाटेल. चिखलात टायरची बटणं चिखल बाहेर फेकतील तरच चाक चालतं. बटणांमध्ये काळी माती भरून बसली की टायर गुळगुळीत होतो आणि ट्रॅक्टर जागेवर फिरतो. हिमात बरोबर उलट, भरलेलं आत राहिलं पाहिजे. जीपला मोठ्या बटणांचे चिखलाचे टायर लावून हिमालयात जाणाऱ्यांची इथेच फसगत होते. खोल, ओल्या हिमात ते टायर बऱ्यापैकी ओढतात. पण त्यांच्या मोठ्या कडक ठोकळ्यांवर चिरा नसतात, त्यामुळे चेपलेल्या हिमावर आणि बर्फावर ते साध्या विंटर टायरच्याही मागे पडतात.

चेपलेल्या हिमावर उन्हाळी टायरचं ब्रेकचं अंतर चांगल्या विंटर टायरच्या दुपटीच्या आसपास जातं. चढ असेल तर उन्हाळी टायरची गाडी निघतच नाही.

ही सगळी करामत खाचांच्या खोलीवर अवलंबून असते. नव्या विंटर टायरच्या खाचा साधारण ८ ते ९ मिलिमीटर खोल असतात. ४ मिलिमीटरच्या खाली आल्या की हिमात पकड झपाट्यानं उतरते, कारण वडी धरायला जागाच राहत नाही. जर्मनीत कायदा १.६ मिलिमीटरपर्यंत चालवून घेतो, ऑस्ट्रियात मात्र ४ पेक्षा कमी खोलीचा टायर विंटर टायर म्हणून धरतच नाहीत. ऑस्ट्रियाचं म्हणणं डोंगराळ देशाचं आहे आणि तेच खरं मानावं. युरोपातली माणसं खोली मोजायला २ युरोचं नाणं खाचेत उभं घालतात. नाण्याची चंदेरी कड बुडाली तर ४ मिलिमीटर आहेत.

रुंदीचं गणितही आपल्या समजुतीच्या उलट. रुंद टायर म्हणजे जास्त पकड असं आपण धरून चालतो. हिमात रुंद टायर वर तरंगायला बघतो आणि पुढ्यात हिमाचा ढीग ढकलत राहतो. अरुंद टायर हिम कापत खालच्या घट्ट थरापर्यंत जातो. त्यामुळे उत्तरेकडच्या देशांत अनेक जण हिवाळ्यासाठी गाडीला चालणारं सगळ्यात अरुंद माप निवडतात. याला अपवाद आइसलँडच्या हिमनद्यांवर फिरणाऱ्या जीपचा. तिथे खाली घट्ट थर सापडतच नाही, म्हणून ते प्रचंड मोठे टायर लावून त्यातली हवा जवळजवळ काढून टाकतात आणि गाडी हिमावरून तरंगत नेतात. रोजच्या गाडीला तो प्रयोग लागू नाही.

आणि एक मर्यादा कुठलाच टायर ओलांडू शकत नाही. आपल्याकडच्या लहान गाड्यांचं पोट जमिनीपासून १६ ते १७ सेंटिमीटर वर असतं, युरोपातल्या अनेक गाड्यांचं त्याहून कमी. हिम त्यापेक्षा खोल झालं की गाडीचं पोट हिमावर टेकतं. वजन पोटावर गेलं की चाकावरचा भार कमी होतो आणि चाक मोकळं फिरायला लागतं. मग चार हजाराचा टायर असो की चाळीस हजाराचा, फरक पडत नाही. फावडं काढावं लागतं. चाक जोरानं फिरवलं तर खालचं हिम वितळून त्याचा बर्फ होतो आणि गाडी आणखी खोल बसते. हळूहळू मागे-पुढे झुलवून, आपण आलो त्याच चाकोरीतून मागे काढणं हा त्यातल्या त्यात बरा उपाय.

अडकल्यावर खरा धोका टायरचा नसतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी हजारो पर्यटकांच्या गाड्या हिमात अडकल्या आणि वीसहून अधिक माणसं गाड्यांतच मेली. काही थंडीनं, काही कार्बन मोनॉक्साइडनं. हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं, बाहेर धुराड्याची नळी हिमानं बुजली आणि धूर आत आला. या वायूला वास नसतो. गाडी अडकली आणि इंजिन चालू ठेवायचं असेल, तर आधी खाली उतरून मागची नळी मोकळी करायची, थोड्या थोड्या वेळानं परत बघायची आणि खिडकीची फट ठेवायची.

बर्फावरचं गणित

आता लादी. इथे विंटर टायर मदत करतो, पण त्याच्याकडून चमत्कार होत नाही.

बर्फाच्या पृष्ठभागावर शून्याखालीही पाण्यासारखा अत्यंत पातळ थर असतो आणि टायर घासला की उष्णतेनं तो वाढतो. टायर या थरावर घसरतो. विंटर टायरच्या बारीक चिरा हे पाणी ओढून घेतात आणि त्यांच्या कडा बर्फाला ओरबाडतात. जपानच्या ब्रिजस्टोन कंपनीनं १९८८ मध्ये ब्लिझॅक हा टायर आणला, त्याच्या रबरात पावाच्या लादीसारखी बारीक छिद्रं आहेत, ती पाणी शोषतात. टोयो ही दुसरी जपानी कंपनी तर रबरात अक्रोडाच्या कवचाचा चुरा मिसळते, बर्फ ओरखडायला. इतकी खटपट करूनही हाती काय लागतं ते पुढच्या आकड्यांत दिसेल.

ताशी ४० किलोमीटर हा काही वेग नव्हे. कॉलेज रोडवरून दुचाकीही त्यापेक्षा जोरात जाते. या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. कोरड्या डांबरावर पकडीचा अंक, म्हणजे घर्षणांक, साधारण ०.८ धरला तर ब्रेक लागल्यापासून गाडी ८ मीटरात थांबते. चेपलेल्या हिमावर विंटर टायरला तो ०.३ च्या आसपास मिळतो, म्हणजे २१ मीटर. बर्फावर ०.१ धरला तर ६३ मीटर. आणि शून्य अंशाच्या आसपासचा, वर पाणी सुटलेला बर्फ असेल तर ०.०५ पर्यंत उतरतो. म्हणजे १२६ मीटर. हे आकडे साधारण आहेत, टायर आणि बर्फ बदलला की तेही बदलतात. शिवाय यात माणसाला ब्रेकवर पाय ठेवायला लागणारा वेळ धरलेला नाही. एक सेकंद गेला तर प्रत्येक आकड्यात आणखी ११ मीटर.

याच गणितात सुटकाही आहे. वेग निम्मा केला की अंतर चौथाई होतं. ताशी २० ला बर्फावरचे ६३ मीटर १६ वर येतात. कुठल्याही टायरनं बर्फावर एवढी बचत करून दिलेली नाही.

वरच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडली आहे : बर्फ जितका थंड तितका कमी घसरडा. उणे २० अंशाला पाण्याचा थर फार पातळ राहतो आणि रबराला पकड मिळते. उणे १ किंवा शून्याला, ऊन पडून बर्फ चमकायला लागला की तो सगळ्यात वाईट. 'आज थंडी कमी आहे, रस्ता बरा असेल' हा आपला तर्क इथे उलटा पडतो. पुलांवर जास्त सांभाळावं लागतं. पुलाला खालून-वरून गार वारा लागतो, त्यामुळे आजूबाजूचा रस्ता नुसता ओला असताना पुलावर पारदर्शक बर्फाचा पापुद्रा धरलेला असतो. खालचं डांबर दिसतं म्हणून त्याला तिकडे 'काळा बर्फ' म्हणतात. दिव्याच्या उजेडात तो ओल्या रस्त्यासारखाच दिसतो.

आता हेच उतारावर मांडा. घाटरस्त्याला २० मीटरला १ मीटर चढ असणं ही सामान्य गोष्ट. चोर्ला किंवा आंबोलीचा घाट चढणाऱ्यांना तो चढ जाणवतही नाही. पण पकडीचा अंक ०.०५ असेल तर अशा उतारावर गाडी थांबूच शकत नाही. चारही चाकं ब्रेकनं जाम करा, हँडब्रेक ओढा, गाडी तशीच खाली सरकत राहते. मनालीकडच्या व्हिडिओंत ड्रायव्हर दार उघडून उडी मारताना आणि रिकामी गाडी संथपणे दरीकडे जाताना दिसते, ते याच कारणानं. त्या ड्रायव्हरची चूक उतारावर झालेली नसते. ती उतार सुरू होण्याआधी, वर थांबायला हवं होतं तिथे झालेली असते.

एबीएसबद्दल एक गोष्ट इथेच. बर्फावर एबीएसमुळे सुकाणू हातात राहतं, तो मोठा फायदा. पण भुसभुशीत खोल हिमात जाम झालेलं चाक पुढ्यात हिमाची पाचर गोळा करून लवकर थांबतं आणि एबीएस चाक फिरत ठेवून ती पाचर होऊ देत नाही. तिथे अंतर थोडं वाढू शकतं. घाबरून पाय उचलू नये, ब्रेक दाबून धरावा.

खिळे आणि त्यांची किंमत

फिनलंडमध्ये नोकिया नावाचं गाव आहे. मोबाइलमुळे ते नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं, पण तिथे टायर मोबाइलच्या कितीतरी आधीपासून बनतात. १९३४ मध्ये तिथे ट्रकसाठी जगातला पहिला हिवाळी टायर निघाला आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी हाक्कापेलिट्टा. त्याआधी ड्रायव्हर साखळ्या बांधायचे किंवा गाडी घरी ठेवायचे. आज नोकियन टायर्स ही वेगळी कंपनी आहे आणि आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला इव्हालो इथं तिचं चाचणी मैदान आहे. फिनलंडनं १९७८ पासून हिवाळी टायर सक्तीचे केले.

तिकडे निम्मे-अधिक लोक खिळ्यांचे टायर वापरतात. रबरात बसवलेली टंग्स्टन कार्बाइडची टोकं जेमतेम मिलिमीटरभर बाहेर डोकावतात आणि बर्फात रुततात. शून्याच्या आसपासच्या ओल्या बर्फावर, जिथे बाकी सगळे टायर हात टेकतात, तिथे खिळ्यांना तोड नाही. अतिथंड कडक बर्फावर त्यांचा फायदा कमी होतो, आणि खोल हिमात तर खिळा बर्फापर्यंत पोचतच नाही, तिथे काम नक्षीच करते.

पण बर्फ नसलेल्या रस्त्यावर हेच खिळे डांबर खातात. जपानच्या उत्तर भागात १९८० च्या दशकात रस्त्याच्या या धुळीनं लोक हैराण झाले. सेंदाई शहरात तर वसंतात हवा धुळीनं भरायची. अखेर १९९० मध्ये कायदा झाला आणि खिळ्यांचे टायर बंद झाले. धूळ गेली. मात्र साप्पोरोसारख्या शहरांत नवाच प्रश्न उभा राहिला. खिळे बर्फ खरवडून खडबडीत ठेवत होते, ते थांबलं, आणि हजारो बिनखिळ्यांच्या टायरनी चौकातला बर्फ घासून आरशासारखा केला. गाड्या थांबतात आणि निघतात तिथेच तो सगळ्यात गुळगुळीत. जर्मनीतही खिळ्यांवर १९७० च्या दशकापासून बंदी आहे. स्टॉकहोममध्ये हॉर्न्सगाटान या रस्त्यावर २०१० पासून खिळ्यांच्या टायरला मनाई आहे, बाकी स्वीडनमध्ये बहुतेक रस्त्यांवर चालतात.

बिनखिळ्यांच्या विंटर टायरमध्येही दोन घराणी आहेत आणि दुकानात हे कोणी आपणहून सांगत नाही. मध्य युरोपातला टायर ओल्या महामार्गावर ताशी १३० नं जाण्यासाठी बनवलेला, थोडा कडक. उत्तरेकडचा टायर बर्फासाठी, फार मऊ. फ्रँकफुर्टला राहणाऱ्यानं उत्तरेकडचा घेतला तर पावसात त्याचीच पकड कमी पडेल. मॉन्ट्रियल किंवा हेलसिंकीत राहणाऱ्यानं मध्य युरोपातला घेतला तर जानेवारीत बर्फावर रडेल.

टायरवरची खूण

टायरच्या कडेला 'एम प्लस एस' अशी अक्षरं असतात, म्हणजे मड आणि स्नो. आपल्याकडच्या अनेक एसयूव्हींच्या टायरवरही ती दिसतात आणि मालक खूश होतो. या अक्षरांसाठी हिमावरची कुठलीही चाचणी लागत नाही. नक्षी विशिष्ट प्रकारची आहे असं कंपनीनं म्हटलं की झालं.

खरी खूण म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाचा कण. उत्तर अमेरिकेत १९९९ पासून ती आली. ती मिळवायला टायरला चेपलेल्या हिमावर ठरावीक प्रमाण टायरपेक्षा निदान १० टक्के जास्त ओढ दाखवावी लागते. नीट वाचा : हिमावर. बर्फावरची पकड या खुणेत मोजलेली नसते. युरोपात मे २०२१ पासून टायरच्या लेबलवर बर्फाच्या पकडीचं वेगळं चित्र आलं आहे, बर्फासाठी टायर घेणाऱ्यानं ते शोधावं.

कायदा देशागणिक वेगळा. जर्मनीत तारखांची सक्ती नाही, रस्त्यावर हिम, बर्फ किंवा दव गोठलेलं असेल तेव्हा विंटर टायर लागतातच. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे फक्त डोंगराच्या खुणेचे टायर चालतात, 'एम प्लस एस'चा जमाना संपला. पकडलं तर ६० युरो दंड आणि लायसन्सवर एक गुण. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च सक्ती आहे, रस्ता कोरडा असला तरी. शेजारच्या ओंटारियोत सक्ती नाही, पण २०१६ पासून विमा कंपन्यांना विंटर टायर लावणाऱ्याला हप्त्यात सवलत द्यावीच लागते. टोरांटोकडे राहणाऱ्या कित्येकांना ती मागायची असते हेच माहीत नसतं.

फोर बाय फोरचा गैरसमज आणि मनालीची साखळी

चारही चाकांना इंजिनचं बळ मिळालं की गाडी निघते चांगली. थांबताना मात्र प्रत्येक गाडीला चार चाकांचेच ब्रेक असतात. त्यामुळे साध्या टायरची फोर बाय फोर हिमात भराभर वेग घेते आणि साध्या गाडीइतकीच वाईट थांबते. वर ती जड असते. विंटर टायर लावलेली छोटी गाडी उतारावर तिच्यापेक्षा सुरक्षित.

डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात हजाराच्या आसपास गाड्या अडकल्या. बोगदा २०२० च्या ऑक्टोबरात सुरू झाला. ९ किलोमीटरचा, ३,००० मीटरच्या वर. आधी हिवाळ्यात बंद असणाऱ्या लाहौलपर्यंत आता कोणीही गाडी घेऊन पोचतो, मग ती पुण्याची असो की हुबळीची. हिमवृष्टी झाली की पोलीस फक्त फोर बाय फोर किंवा साखळी लावलेल्या गाड्या सोडतात. काश्मीरमध्ये तंगमर्ग ते गुलमर्ग या चढावरही तेच.

आपल्याकडच्या पर्यटकाला चार दिवसांसाठी विंटर टायर परवडणार नाहीत आणि बहुतेक मापांत सहज मिळतही नाहीत. त्याच्यासाठी साखळी हाच व्यवहार्य मार्ग, आणि ती तिथे भाड्यानं मिळते. लोखंडी कड्या हिमात आणि बर्फात दोन्हीकडे रुततात. बांधायची ती इंजिन ज्या चाकांना बळ देतं त्यांना. स्विफ्ट, आय-टेनसारख्या गाड्यांना पुढे, इनोव्हा क्रिस्टा किंवा बोलेरोला मागे. हे न विचारता पोऱ्या बांधेल तिथे बांधून घेतली तर उपयोग शून्य. वेग ताशी ३० च्या आत ठेवायचा, मोकळं डांबर लागलं की काढायची, नाहीतर साखळी तुटून मडगार्ड फाडते. पुढच्या चाकांना साखळी असलेली गाडी उतारावर जोरानं ब्रेक मारल्यास मागून फिरते, कारण मागची चाकं मोकळीच असतात. सगळ्यात बरं म्हणजे हिमवृष्टीच्या दिवशी स्थानिक ड्रायव्हरची गाडी करावी. त्याला कुठल्या वळणावर ऊन पोचत नाही हे माहीत असतं. सेनादलात ट्रक चालवलेली माणसं बेळगावच्या बाजूला गावोगाव आहेत. झोजिला किंवा त्या बाजूला राहून आलेल्याला विचारलं तर तोही हेच सांगेल.

खरेदी करताना

खर्चाचा हिशेब वाटतो तितका कडू नाही. दोन संच असले की प्रत्येक संच अर्धं वर्ष झिजतो, त्यामुळे टायरचं एकूण आयुष्य वाया जात नाही. वाढीव खर्च होतो तो जास्तीच्या रिमचा, वर्षातून दोनदा बदलण्याच्या मजुरीचा आणि ठेवायच्या जागेचा. रिमसकट संच घेतला तर दरवेळी टायर रिमवरून उतरवावे लागत नाहीत, मजुरी कमी पडते.

पैसे वाचवायला दोनच टायर घेऊन पुढे लावणारे असतात. हे करू नये. पुढची चाकं पकडतात, मागची घसरतात आणि वळणावर गाडी गरकन फिरते. चार नाहीतर एकही नाही.

नवीन गेलेली मुलं बहुतेक वेळा जुने टायर घेतात, त्यात वावगं नाही, पण वय बघावं. टायरच्या कडेला डीओटी क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. रबर न वापरताही कडक होत जातं आणि विंटर टायरची सगळी मदार मऊपणावर, म्हणून सहा वर्षांच्या पुढचा टायर नक्षी कितीही भरलेली असली तरी हिवाळ्यासाठी घेऊ नये. नखानं दाबून बघावं. नवा विंटर टायर नखाला दाद देतो.

हवा महिन्यातून एकदा तपासावी. तापमान ५ ते ६ अंशांनी उतरलं की टायरचा दाब साधारण १ पीएसआयनं उतरतो. सप्टेंबरात २० अंशाला भरलेली हवा जानेवारीत उणे १५ ला ६ पीएसआयनं कमी भरते, आणि पंक्चर नसताना टायर बसल्यासारखा दिसतो. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजायची. मार्च-एप्रिलमध्ये टायर उतरवताना प्रत्येकावर खडूनं 'पुढे डावा', 'मागे उजवा' असं लिहून ठेवायचं, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात पुढचे मागे आणि मागचे पुढे लावता येतात. कडेला फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर डावा डावीकडेच.